तुझ्या तोंडी माझा आवाज

नागपूर,
९ नोव्हेंबर २०२५

भाऊ,

तुला आणि वहिनीला जय भीम. इकडे सगळे बरे आहेत. थंडी पडायला लागली आहे. तुझा खोकला कसा आहे हे विचारत नाही, कारण परवा तो ऐकला. वहिनी फोनवर म्हणाल्या, ते बाहेर गेले आहेत, आणि मागे तू खोकलास. वहिनींना खोटं बोलणं जमत नाही. लगेच म्हणाल्या, टीव्ही चालू आहे.

दहा दिवसांत पाच वेळा फोन केला. म्हणून हे पत्र. कॉलेजच्या होस्टेलवरून तुला लिहायचो, त्यानंतर आजच. हात अवघडला आहे.

आधी शाळेचं सांगतो. मागच्या वर्षी शाळेला भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही मिळाला. तेव्हापासून मी दहावीला विज्ञानाचे व्हिडिओ दाखवतो. हृदय, ज्वालामुखी, उपग्रह. मुलं गप्प बसायची. बावीस वर्षांच्या नोकरीत शेवटच्या तासाला इतकी गप्प मुलं मी पाहिली नव्हती. आपल्याला युक्ती सापडली असं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी विचारायचो, काल काय पाहिलं? हर्षित म्हणून एक मुलगा आहे, वर्गातला बडबड्या. तो म्हणाला, 'सर, म्युझिक भारी होतं.' बाकीच्यांनी माना हलवल्या. म्युझिक खरंच भारी होतं.

यावर मी बरेच दिवस विचार केला. व्हिडिओतला माणूस गुळगुळीत बोलतो, कुठलाच नसतो. त्याला काही विचारता येत नाही हे मुलांना ठाऊक असतं. म्हणून ती प्रश्न तयारच करत नाहीत. पाहतात आणि उठून जातात.

कोळशापासून वीज हा धडा जवळ आला तेव्हा तू आठवलास. चौतीस वर्षं टर्बाइनवर काढलेला माणूस घरात असताना मी इंटरनेटवर कशाला शोधत होतो कोण जाणे. दिवाळीच्या सुट्टीत खापरखेड्याला आलो ते त्यासाठीच. प्लांटमध्ये कॅमेरा नेता येत नाही, म्हणून तुझ्या अंगणात केलं. वहिनींचा कुकर, कागदाची भिंगरी, सायकलचा डायनामो, आणि मागे दूरवर प्लांटच्या चिमण्या. बर्डीच्या फुटपाथवरून आणलेलं मोबाइलचं स्टँड दोनदा पडलं. तिसऱ्यांदा तू त्याला विटेचा आधार दिलास. त्या दिवशी तू फार छान बोललास.

मग मी तो व्हिडिओ तयार केला आणि मोठ्या हौसेनं तुझ्या मेघाच्या मोबाइलवर पाठवला. तिनं मला नंतर सांगितलं ते असं. तू दोनदा पाहिलास. आवाज वाढवायला लावलास. मग मोबाइल तिच्या हातात देत म्हणालास, 'मी कुठी बोलून राहिलो याच्यात?' आणि झाडांना पाणी घालायला गेलास.

भाऊ, त्याचं कारण सांगतो. चित्र तुझं आहे, आवाज माझा आहे, हे तुला खटकलं असणार. पण झालं असं की मधेच कोळशाची मालगाडी गेली. वाराही होता. आवाज नीट आला नाही. म्हणून तू जे बोललास तेच मी घरी बसून पुस्तकी मराठीत पुन्हा बोललो आणि तुझ्या चित्रावर चढवलं. असं सर्रास करतात. तुला आधी विचारायला हवं होतं. राहिलं.

व्हिडिओ वर्गात दाखवला. मुलांना आवडला. आमच्या मुख्याध्यापिका प्रेमलता मॅडम यांनाही आवडला, इतका की तो शिक्षकांच्या व्हिडिओ स्पर्धेला पाठवायचं ठरलं आहे. व्हिडिओत दिसणाऱ्या माणसाची संमती लागते. फॉर्म सोबत जोडला आहे. मी भरून ठेवला आहे, तू फक्त खाली सही कर. मेघा रोज नोकरीला नागपुरात येतेच, तिच्याजवळ दिलास तरी चालेल.

तब्येत सांभाळ. फोन उचल.

तुझा,
संघपाल


नागपूर,
२३ नोव्हेंबर २०२५

भाऊ,

जय भीम. फॉर्म पोचला. मेघानं शाळेच्या फाटकाशी आणून दिला. आत आली नाही, बस होती म्हणाली.

सही नाही. तुझ्या नावापुढे मी 'निवृत्त अभियंता' लिहिलं होतं. त्यावर तू लाल पेनानं एक रेघ मारली आहेस. सरळ, एकच. प्लांटच्या लॉगबुकात चुकलेला आकडा तू असाच कापायचास, खाडाखोड न करता, खालचं वाचता येईल असा. रेघेशेजारी दुसरा शब्दही लिहिला नाहीस.

त्या शब्दाचं असं आहे की शाळेत लोक तसं समजतात. पॉवर प्लांटमध्ये होता म्हणजे इंजिनिअर, असा सगळ्यांचा हिशेब. मी तो दुरुस्त केला नाही, एवढंच.

आवाजाचं मात्र खरं सांगतो. आवाज चांगला आला होता. मालगाडी गेली ती मिनिटभर. वारा नव्हता.

हे सांगायला रोशनी कारण झाली. ती माझ्या दहावीत आहे. तिच्या आईचं महाल भागात लाखेच्या बांगड्यांचं छोटं दुकान आहे. आठवड्यातून तीन दिवस शाळेत येते, शेवटच्या बाकावर बसते. सहामाहीला विज्ञानात चाळीसपैकी सात. तिनं आजवर वर्गात मला एकही प्रश्न विचारला नव्हता. तुझा व्हिडिओ संपला तसा तिनं हात वर केला.

'सर, हे काका तोंड मिटून कसे बोलून राहिले?'

वर्ग हसला. मी तो भाग पुन्हा लावला. खरंच होतं. मालगाडी जाईपर्यंत तू थांबला होतास, ओठ मिटून, रुळांकडे पाहत. आणि माझा आवाज तुझ्या मिटलेल्या तोंडातून कोळशाचं औष्णिक मूल्य समजावत होता. मी तीन संध्याकाळी खपून तो व्हिडिओ बनवला होता. मला ते दिसलं नव्हतं.

मी मुलांनाही तेच सांगितलं, आवाज खराब आला होता. रोशनी म्हणाली, मग खराबच ऐकवा. मी म्हटलं, पुढच्या तासाला बघू. पुढच्या तासाला मी बीजगणित घेतलं.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला आवडेल. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत वर्गावरून जात होतो. टीव्ही चालू, आवाज बंद, पडद्यावर तू. समोर हर्षित बाकावर उभा, आणि तुझे ओठ हलतील तसा तो बोलत होता. 'हे पाहा गा, हा कुकर माया बायकोचा आहे. वरण लावाचं आहे. लवकर शिका आन मोकळे व्हा.' मुलं लोळत होती. मी दाराआड थांबलो. तू अगदी तेच म्हणाला होतास, जवळपास. कुकर लवकर परत द्यायचा आहे, वहिनी रागावतील, असं.

मला पाहून हर्षित बाकावरून खाली उतरला. मी रागावलो नाही. म्हटलं, पुढे बोल. तो म्हणाला, पुढचं जमत नाही सर, पुढे काका काहीतरी खरं सांगून राहिले.

मग मी त्यांना आठवडा दिला. चार गट केले. आवाज बंद करून व्हिडिओ पाहायचा आणि काका काय सांगत असतील ते शोधून काढायचं. ओठ, हात, कुकर, भिंगरी, सगळं पाहायचं. जो गट सगळ्यांत जवळ जाईल तो जिंकला.

भाऊ, त्या आठवड्यात जे झालं ते मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. शिट्टी काढताना तू हात मागे का घेतलास, यावर दोन गटांचं भांडण झालं. एक म्हणे चटका बसला. दुसरा म्हणे नाही, ते काहीतरी दाखवून राहिले. कुणीतरी पुस्तक उघडलं. मी सांगितलं नव्हतं. धडा त्यांनी मागून पुढे वाचला, कारण व्हिडिओत डायनामो आधी कळला आणि बॉयलर नंतर. एका मुलानं घरी कुकरसमोर भिंगरी धरली आणि आईचा मार खाल्ला. रोशनी पाच दिवस रोज आली. तिच्या गटात ती डोळे बारीक करून तुझ्या ओठांकडे बघत बसायची आणि म्हणायची, थांब, इथं ते 'भाजते' म्हणाले.

तू म्हणाला होतास, 'जे दिसते ते वाफ नाही गा. जे दिसत नाही, ते भाजते.' शिट्टीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते, खरी वाफ तिथं असते, पांढरं दिसतं ते नुसतं पाणी, हे तू असं सांगितलंस. मी त्याचं केलं होतं, 'बाष्प हे अदृश्य असते.' चूक काहीच नाही. पण ते चार वेळा ऐकूनही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मालगाडीपाशी तू काय म्हणालास ते कुठल्याच गटाला ओळखता आलं नाही. गाडी गेल्यावर तू म्हणाला होतास, 'जाऊ दे तिले. आपलाच कोळसा घेऊन चालली ते.' ते मी आवाजातून कापलं होतं. शेवटचं एक वाक्य तर चित्रासकट कापलं. ते कोणतं, तुला माहीत आहे. आज ते लिहीत नाही.

मुलं आता रोज एकच मागतात. खरा आवाज ऐकवा, कोण जिंकलं ते कळू द्या. मी टाळतो आहे. तुझी परवानगी नाही असं सांगतो. खरं तर तुला विचारलेलंही नाही.

आणखी एक. रोशनीनं शुक्रवारी दुसरा प्रश्न विचारला. वाफ बंद केली की टर्बाइन लगेच थांबतं का? मी सांगितलं, पंख्यासारखं. बटण बंद केल्यावर पंखा जसा हळू होत होत थांबतो, तसं थोड्या वेळात थांबतं आणि मग पुन्हा सुरू करेपर्यंत उभं राहतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. भाऊ, रोशनीनं वहीत काही लिहून घेतलं.

वहिनींना सांग, कुकरचं नाव शाळाभर झालं आहे.

तुझा,
संघपाल


नागपूर,
७ डिसेंबर २०२५

भाऊ,

जय भीम. काल सहा डिसेंबर. दीक्षाभूमीवर जाऊन आलो. दरवर्षी आपण बरोबर जातो. या वर्षी रांगेत उभा असताना दोनदा मागे वळून पाहिलं. वहिनी मेघाला घेऊन सकाळीच येऊन गेल्या असं नंतर कळलं, आणि तू ओट्यावर बसून होतास असंही कळलं.

सोमवारी मेघाच्या मोबाइलवरून तुझा आवाज आला. तीन मिनिटं दहा सेकंद. सोबत मेघानं लिहिलं होतं, 'बाबा म्हणतात हे मुलांसाठी आहे.' तुमच्यासाठी नाही, हे तिनं लिहिलं नाही. मला कळलं.

मी तो स्टाफरूममध्ये न ऐकता तसाच वर्गात नेला. मुलांसाठी होता म्हणून मुलांबरोबरच ऐकला. टीव्हीला जोडला. पडद्यावर काही नाही, काळा. आणि तुझा आवाज, खोकला, मागे वहिनींची भांडी.

तू म्हणालास, तुमच्या सरांनी सांगितलं ते चूक आहे. टर्बाइनला पंखा समजू नका. वाफ बंद केली म्हणून त्याला सोडून देत नाहीत. छोट्या मोटरनं हळूहळू फिरवत ठेवतात, कित्येक तास, कधी कधी दिवस दिवस. कारण एवढा मोठा दांडा, तापलेला. गरम असताना तो एका जागी उभा राहिला की वाकतो. कुणी वाकवत नाही, आपल्याच वजनानं वाकतो. केसभर वाकला तरी पुढच्या वेळी सगळं यंत्र थरथरतं. 'माया ड्युटीत एकडाव ते मोटर बंद पडली,' तू म्हणालास. 'चार जणं हातानं फिरवत होतो रातभर. थांबू नाही देलं.'

आणि शेवटी म्हणालास, 'तुमच्या सरले सांगजा, पोट्ट्यायले चुकीचं शिकवू नको म्हना.'

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मग पाठ वळवली आणि फळ्यावर आधीच पुसलेली जागा पुन्हा पुसली.

मुलांना म्हटलं, त्या शुक्रवारी मी चुकीचं सांगितलं होतं. वहीत दुरुस्त करा. रोशनीनं आपली वही उघडली, माझ्या वाक्यावर एक रेघ मारली आणि खाली तुझं लिहिलं. 'काकांच्याच शब्दांत लिहू का सर?' म्हणाली. मी म्हटलं, लिही.

त्यानंतर मी खरा व्हिडिओ लावला. तुझी परवानगी नव्हती. याबद्दल तू रागावलास तर ते मान्य आहे. पण तू बोलला होतास ते त्यांच्यासाठीच बोलला होतास, माझ्यासाठी नाही, हे मला त्या तीन मिनिटांत कळलं.

हर्षितचा गट जिंकला. कुकरवर. वाफेवर रोशनीचा. मालगाडीवर सगळे हरले. 'आपलाच कोळसा घेऊन चालली ते' याला शिट्ट्या पडल्या. प्रेमलता मॅडम आवाज ऐकून दारात आल्या होत्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मग शेवटचं वाक्य आलं. आता ते लिहितो. तू भिंगरी खाली ठेवलीस, कॅमेऱ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, 'मी दहावी नापास आहो, पोट्टेहो. पण हे मले समजते. तुमाले काहून नाही समजणार?'

कुणी हसलं नाही. रोशनीनं हात वर न करता विचारलं, किती विषयांत? मला उत्तर माहीत होतं. म्हटलं, तीन. गणित, इंग्रजी, विज्ञान. ती म्हणाली, विज्ञानात पण? मी म्हटलं, विज्ञानात पण. तिनं बाजूच्या मुलीकडे पाहिलं. त्या दोघींमध्ये काय ठरलं ते मला माहीत नाही. पण शाळा सुटल्यावर तिनं मागच्या तीन धड्यांची यादी मागितली. ती आली नव्हती त्या दिवसांची.

सगळ्या व्हिडिओत मुलांना उठवून बसवणारं वाक्य तेच होतं. आणि मी तेच कापलं होतं.

आता कारण. मागच्या पत्रात लिहिलं की शाळेत लोक तुला इंजिनिअर समजतात आणि मी दुरुस्त केलं नाही. तसं नाही. लोकांनी काही समजून घेतलं नाही. मीच सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, स्टाफरूममध्ये. नत्थूजी म्हणून गणिताचे शिक्षक होते, आता नाहीत. चहा पिताना सहज विचारलं, घरी कोण काय करतं? मी म्हटलं, मोठा भाऊ पॉवर प्लांटला इंजिनिअर आहे. त्यांनी पुढे काही विचारलंही नाही. बिस्कीट पुढे केलं. बावीस वर्षं ते तसंच चाललं. तू एकदा शाळेत डबा द्यायला आला होतास, आठवतं? मी तुला फाटकावरूनच परत पाठवलं. म्हटलं, परीक्षा चालू आहे. परीक्षा नव्हती.

का सांगितलं याचं उत्तर मी या महिन्यात शोधलं. आपल्या कॉलनीत मला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे तुझ्याच नावानं, लहानूचा भाऊ म्हणत. दुकानदार, वॉचमन, प्लांटच्या बसचा ड्रायव्हर, सगळे. लहानूचा भाऊ पहिला आला. लहानूचा भाऊ बी.एस्सी. झाला. नागपुरात आलो तेव्हा मला फक्त माझं नाव हवं होतं. ते मिळालं. मग मी तुझंही बदललं, तुझा आवाजही बदलला. तुला लाज वाटू नये म्हणून केलं असं मी स्वतःला सांगत होतो. तुला कधी कशाची लाज वाटली नव्हती.

मंगळवारी प्रेमलता मॅडमनी स्पर्धेचा फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाल्या, तुमच्या इंजिनिअर भावाची सही राहिली. मी म्हटलं, मॅडम, भाऊ इंजिनिअर नाही. मदतनीस म्हणून लागला, तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाला. दहावी नापास आहे, ते तर तुम्ही काल ऐकलंच. खोलीत आणखी चार जण होते. एकानं वर्तमानपत्र खाली केलं.

मॅडमनी विचारलं, 'मग अभियंता कोणी लिहिलं?'

'मी.'

त्यांनी फॉर्म उचलून पाहिला. तुझी लाल रेघ तिथंच होती. मग म्हणाल्या, रेघ चांगली मारली आहे, नवा फॉर्म घ्या. एवढंच झालं, भाऊ. बावीस वर्षं ज्याची भीती होती ते एवढंच होतं. वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. घरी जाताना मला भूक लागली होती, जशी परीक्षा संपल्यावर लागते.

माझ्या आवाजाचा व्हिडिओ मी पुसला. शाळेच्या टीव्हीतून, माझ्या मोबाइलमधून. मेघालाही पुसायला सांगितला. मुलांनी विरोध केला. हर्षितचं म्हणणं, तो पण राहू द्या सर, कॉमेडी आहे. तरी पुसला.

एक चांगली बातमी शेवटी राखून ठेवली होती. परवा रोशनीनं मोबाइलचं स्टँड मागितलं. दुकानात आईला लाख तापवताना घ्यायचं आहे म्हणाली. उष्णतेनं लाख कशी मऊ होते आणि गार झाली की आकार कसा धरते, ते आई सांगणार. पण आई तयार नाही. तिला चांगलं बोलता येत नाही, वर्गात हसतील म्हणते. रोशनीनं मला विचारलं, सर, आईला काय सांगू?

मी म्हटलं, ती गिऱ्हाइकाशी बोलते तशी बोल म्हणावं. आणि एकदा कॅमेरा सुरू केला की मधे थांबली तरी बंद करू नकोस.

रोशनी म्हणाली, 'ते थांबनच नाही सर. तिले थांबवा लागते.'

नवा फॉर्म सोबत नाही. स्पर्धेची तारीख सोळा आहे. ती गेली तरी चालेल. त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी येतो. आधी फोन करणार नाही. तू बाहेर गेलेला असलास तर वहिनींजवळ ओट्यावर बसून राहीन, खोकला ऐकू येईपर्यंत. मुलांचे अकरा प्रश्न आहेत. मी ते सगळे वाचले. सहांची उत्तरं मला येतात असं वाटतं, पण आता खात्री नाही. पाचांची येत नाहीत. त्यातला एक असा आहे की ती मोटर बंद पडली त्या रात्री तुम्ही चौघं दांडा फिरवत होता, तेव्हा आपसात काय बोलत होता.

तो मलाही विचारायचा आहे.

लहानूचा भाऊ